सहा बावन्नची दवंडी

जानेवारी महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरीपासून सात किलोमीटरवर वसलेल्या माळटाकळी या गावी, वायव्य क्षितिजावर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दिसू लागेल. सहा पंचावन्नला ते जवळजवळ माथ्यावर येईल आणि त्यानंतर मिनिटाभरात आग्नेयेकडे पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासे होईल. ते साध्या डोळ्यांनी दिसते. सर्व ग्रामस्थांनी साडेसहापर्यंत शाळेमागच्या माळावर जमावे आणि तेवढ्या वेळेपुरते घरादारांतले दिवे मालवावेत, ही विनंती.

हे निवेदन धम्मपालने चार वेळा लिहिले होते. पहिल्या खेपेस त्यात यानाचा वेग होता, उंची होती, आतल्या माणसांची संख्या होती. दुसऱ्या खेपेस वेग गेला, तिसऱ्या खेपेस उंची गेली, आणि चौथ्या खेपेस ज्याच्यावाचून ते यान दिसणारच नाही तेवढेच उरले : वेळ, दिशा, अंधार. बोरीच्या शाळेत एकवीस वर्षे विज्ञान शिकवून तो एवढे शिकला होता की माणसाला पाच गोष्टी सांगितल्या तर तो सहावीच लक्षात ठेवतो.

तीनच गोष्टींचा त्याने इतका कीस काढावा, याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी त्याने असेच लोक माळावर नेले होते. ऐन वेळी पश्चिमेकडून ढग चढला, आणि शंभर माणसे माना वर करून त्या ढगाकडे पाहत राहिली. तेव्हापासून गावात त्याची वाट सरळ राहिली नाही. पानटपरीसमोरून जाताना कोणी ना कोणी आभाळाकडे बघून विचारायचेच, “मास्तर, आज कोणची गाडी?” ही थट्टा त्याने दोन वर्षे गिळली होती. या वेळी आभाळ निरभ्र होते, यान उंचावरून जाणार होते, आणि सारे गाव, वरच्या आळीचे आणि खालच्या वस्तीचे, एकाच माळावर एकाच वेळी उभे राहून एकच गोष्ट पाहणार होते. त्याला हवे होते ते एवढेच. एवढ्यासाठीच तो निवेदनाचा कागद घेऊन स्वतःच्या पायांनी ग्रामोत्सव समितीकडे गेला होता.

बुधवारी संध्याकाळी तो फाट्यावर एसटीतून उतरला, आणि समोरचा फ्लेक्स पाहून पिशवी हातात तशीच धरून उभा राहिला.

फ्लेक्स बारा फूट रुंद होता. त्यातले सहा फूट समितीचे अध्यक्ष आबासाहेब होते. हात जोडलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांच्या दोन्ही बाजूंना बुडातून आग ओकणारी दोन रॉकेटे उडत होती. खाली शुभेच्छुकांचे बावीस चेहरे. मधोमध लिहिले होते : ‘भव्य यान दर्शन सोहळा. शनिवार, सायं. ठीक ७ वाजता. मारुतीच्या पारासमोर.’ दिशेचा उल्लेख नव्हता. दिवे मालवण्याची गोष्ट नव्हती. आणि सगळ्यांत शेवटी, लाल पट्टीवर पिवळ्या अक्षरांत : ‘दवंडीचे परंपरागत मानकरी : श्री. सटवाजी.’

सटवाजी त्याचे वडील होते.

त्याने ती ओळ तीनदा वाचली. पहिल्यांदा त्याला ती कळली नाही, दुसऱ्यांदा कळली, आणि तिसऱ्यांदा वाचताना कानशिले इतकी तापली की मागे उभ्या असलेल्या एसटीचा भोंगाही त्याला ऐकू आला नाही.

आबासाहेब रोज संध्याकाळी महारुद्रच्या मंडप-डेकोरेशनच्या दुकानात बसत. महारुद्र समितीचा सचिव होता, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन होता, आणि गावातल्या बैलजोड्यांपासून बारशांपर्यंत सगळ्यांचे व्हिडिओ काढून मोबाइलवर चढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

“या मास्तर, या,” आबासाहेब खुर्चीतून न उठता म्हणाले. “बघितला का बोर्ड? परभणीहून छापून आणलाय.”

“वेळ चुकली आहे.”

“सातच तर हाय.”

“मी सहा बावन्न लिहून दिलं होतं. सातला ते गेलेलं असेल, आबासाहेब.”

“सर, सहा बावन्न हा काय टाइम हाय का?” महारुद्र वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. “रेल्वेचं टाइमटेबल वाटायलंय. बोर्डावर गोल आकडा बरा दिसतो.”

“ते यान तुझा बोर्ड वाचून येत नाही.”

“मग थांबवा की धा मिनिटं,” आबासाहेब पोट हलवून हसले. “तुमच्याच वळखीतलं हाय. पाव्हण्याला दमानं घ्या म्हणावं.”

दुकानात बसलेले दोघे-तिघे हसले. धम्मपालने तेही गिळले. कारण खरी गोष्ट अजून बोलायची होती, आणि तिच्यासाठी त्याला आवाज शाबूत हवा होता.

“माझ्या वडिलांचं नाव कुणाला विचारून टाकलं?”

“अहो, ती तर आयडिया हाय आमच्या महारुद्रची. जुनं गाव दाखवायचं. हलगी, घोंगडी, डोईला पटका. सटवाजी फुडं, मागून समदं गाव, आन वरून ड्रोन! मुंबई-पुण्याची माणसं बघत राहतील.”

“आमच्या घरात हलगी कुणालाही वाजवता येत नाही.”

“असं कसं होईल? हाताला असतंच की ते,” आबासाहेब मनापासून आश्चर्याने म्हणाले. “तुमच्या आज्यानं हलगीवर टिपरू टाकलं की पार बोरीपस्तोर ऐकू जायचं म्हणत्यात. अहो मास्तर, मान हाय हा तुमच्या घराचा. आमी काय अपमान करायलोत का? शाल देणार, नारळ देणार.”

अपमान करण्याचा हेतू नव्हता, हे धम्मपालला दिसत होते; आणि नेमके तेच त्याला असह्य झाले. शिवी दिली असती तर शिवीला उत्तर होते. हा मनुष्य मान देत होता! ज्या मानाला पायात वहाण घालण्याची मुभा नव्हती. जो उंबऱ्याबाहेर उभा राहून, तोंड फिरवून घ्यायचा असे. मेलेल्या ढोराची वर्दी आणि सरकारी साऱ्याची वर्दी ज्याने एकाच आवाजात द्यायची, आणि संध्याकाळी ज्याच्या पदरात वरून भाकरीचा तुकडा पडायचा, तो मान. तो शालीत गुंडाळून, नारळासकट, शनिवारी परत येत होता.

“ती ओळ काढा. आणि वेळ दुरुस्त करा. लाउडस्पीकरवरून उद्या सकाळी सांगा, ग्रुपवर टाका.”

आबासाहेबांचे हसू आता आटले. “स्पीकरचा सेट समितीचा हाय. ग्रुप समितीचा हाय. तुमी आमची एक गोष्ट मोडायची आन आमी तुमच्या चार करायच्या? टाइम दवंडीत सांगू. दवंडी कशाला असती? दवंडी झाली तर तुमचा टाइम खरा. न्हाई झाली तर बोर्डावरचा टाइम खरा. जा, इचारा तुमच्या बापाला.”

“बापाला नाही,” धम्मपाल दाराशी वळून म्हणाला, “वडिलांना.”

घरी धम्मपालच्या आई, चांगुणाबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, असा त्यांचा शिरस्ता. सटवाजी दाराशी बाजेवर बसून मनगटातले घड्याळ कानाला लावून पाहत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नजर मंदावली होती, पण कान शाबूत होते.

“मी तो फ्लेक्स फाडणार आहे,” धम्मपाल चपला काढायच्या आधीच म्हणाला. “आत्ता. नाहीतर डांबर आणून ती ओळ पुसतो आणि वर सहा बावन्न लिहितो.”

“हात लावू नको त्येला,” चांगुणाबाई भाकरीवरून नजर न काढता म्हणाल्या. “आबाचं तोंड हाय त्या बोर्डावर. उद्या पोलीस येतील. टाइम चुकला होता का, हे कुणी पुसणार न्हाई. बोर्ड कुणी फाडला, तेवढंच पुसतील. मग घरं जळतील ती वस्तीतली, पारावरची न्हाईत.”

तो वडिलांवर घसरला. “तुम्हाला विचारायला कोणी आलं होतं?”

“महारुद्र आलता सोमवारी,” सटवाजी म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“बघू म्हणलो.”

“बघू? काय बघू? दादा, तुमच्याच तोंडून मी ऐकलं आहे ना की आजोबांनी हलगी चुलीत घातली?”

त्या घरात ही गोष्ट सांगावी लागत नसे. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी हलगीचे कातडे फाडले आणि तिचे लाकडी कडे चुलीत सारले; त्या जाळावर आजीने त्या रात्रीच्या भाकरी भाजल्या. पुढे सात महिने गावाने गिरणी बंद केली, विहीर बंद केली. आठ वर्षांचे सटवाजी जात्यावर बसून आईला दळू लागले. अंगठ्यावरचा घट्टा अजून तसाच होता.

“ऐकलंस ना? मग ध्यानात ठेव,” सटवाजी म्हणाले. “मला एक सांग. तुझं ते यान सातला दिसंल का?”

“नाही.”

“टाइम गावाला कळला पायजे का न्हाई?”

“कळला पाहिजे, पण हलगीवर नाही! न कळला तरी चालेल. यान गेलं खड्ड्यात. माझी दोन वर्षं गेली खड्ड्यात.”

“वरडू नको. दवंडी मी देणार.”

धम्मपाल त्या रात्री जेवला नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी तो वडिलांशी बोलला नाही. शाळेतही त्याने दोन वर्गांना विनाकारण फैलावर घेतले, आणि त्याचे वाईट वाटून तिसऱ्या वर्गाला आणखी जोरात घेतले. फाट्यावर उतरताना तो रोज तो फ्लेक्स वाचायचा, आणि रोज ‘ठीक’ हा शब्द त्याला ‘सात’ या आकड्यापेक्षा अधिक खोटा वाटायचा.

शनिवारी सकाळी नऊला पारासमोर गर्दी जमली. महारुद्रने घोंगडी, पटका आणि बोरीहून आणलेली कोरी हलगी पारावर मांडून ठेवली होती. आबासाहेब कडक इस्त्रीत होते. आणि सटवाजी आले ते पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि पायात नवी, करकर वाजणारी चप्पल घालून. धम्मपाल त्यांच्या मागे दहा पावलांवर होता. वडिलांनी हलगीला हात लावला तर ती हिसकावून भर पारावर फोडायची, एवढे ठरवूनच तो घराबाहेर पडला होता.

सटवाजींनी हलगीला हात लावला.

धम्मपाल पुढे झाला, तोच त्यांनी मान न वळवता डावा हात मागे करून त्याला थांबवले. हलगी उचलली, उलटीसुलटी पाहिली, आणि आबासाहेबांपुढे धरली.

“घ्या.”

“मी? मी काय करू?”

“गळ्यात घाला. मी बोलतो, तुमी वाजवा.”

आबासाहेब हसले. महारुद्रचा मोबाइल चालू होता. “अहो सटवाजी, मला कुठं येतंय वाजवायला?”

“मला बी येत न्हाई. मी आठ वर्साचा व्हतो तवा आमची चुलीत गेली. आता मान म्हणता ना? मान लय मोठा हाय, आबासाहेब, एकट्याला झेपत न्हाई. अर्धा तुमी घ्या. दोघं बी शिकत शिकत जाऊ.”

गर्दीत कोणीतरी खुदकन हसले. मग दुसरे हसले. मागून एक आवाज आला, “घ्या की आबा, शाल बी तुमालाच देऊ!” आणि मग ते हसू पारावरून रस्त्यावर सांडले. आबासाहेबांचा चेहरा लाल होत गेला. त्यांच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर म्हाताऱ्याने हलगी तशीच धरली होती.

“बंद कर ते शूटिंग!” आबासाहेब महारुद्रवर ओरडले. “सुकाळीच्या, बंद कर म्हणतो ना! आन सटवाजी, तुमाला मान दिला ही आमची चुकी झाली. दवंडी रद्द. बोर्डावर हाय तोच टाइम. सातला प्रोग्राम पारापुढं होईल, तुमी या न्हाईतर नका येऊ.”

“दवंडी व्हायचीच हाय,” सटवाजी म्हणाले. त्यांनी हलगी पारावर अलगद ठेवली आणि चालू लागले.

त्यानंतर त्या म्हाताऱ्याने जे केले ते माळटाकळीत पूर्वी कोणी केले नव्हते. तो घरोघर गेला. चप्पल न काढता अंगणात गेला, ओसरीच्या पायरीशी ती काढली, जशी कोणीही पाहुणा काढतो तशी, वर चढला, बसला, आणि पाणी मागितले. पाणी प्याल्यावर म्हणाला, “आज सांजच्याला सहा बावन्नला. सातला न्हाई. शाळेमागच्या माळावर. वायव्येकडून येतंय. दिवे बंद करून या.” आणि उठून पुढच्या घरी.

धम्मपाल मागे होता. तीन दिवसांचा राग त्याच्यात अजून उभा होता, फक्त आता त्याचे तोंड फिरले होते. एका घरी पाणी आले ते अंगणातच, आणि वरून ओतायच्या बेताने. सटवाजी ते न पिता निघाले, पण वेळ सांगूनच निघाले. एका घराचे दार त्यांना पाहताच आतून लागले. त्या दारावर धम्मपालने मूठ आपटली आणि बंद फळीला ओरडून सांगितले, “सहा बावन्न!” एका ओसरीवर मात्र चहा आला, घरातल्यासारख्याच कपात. “मास्तर, ढग आला तर?” असे तिथल्या गड्याने विचारले, आणि “आला तर मला शिव्या द्या, पण साडेसहाला येऊन द्या,” असे धम्मपाल म्हणाला, तेव्हा तो गडी मोकळेपणी हसला.

दुपारी ते कडूबाईंच्या ओसरीवर पोचले. कडूबाई म्हणजे आबासाहेबांची सख्खी चुलती. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, जिभेला धार. त्यांनी सटवाजींना पायरी चढताना पाहिले. सत्तर वर्षांपूर्वी, नवी सून म्हणून आल्यावर, याच पायरीखाली उभ्या असलेल्या सटवाजींच्या वडिलांनाही त्यांनी पाहिले होते. त्यांनी काठीने खुर्ची दाखवली.

“खाली नको बसू, सटवाजी. खुर्ची घे,” त्या म्हणाल्या. “काय वरदी आणलीस?”

सटवाजींनी वेळ सांगितली.

“आबा तर सात म्हणायलाय.”

“आबासाहेबाला बोर्डानं सांगितलंय. मला माझ्या लेकानं सांगितलंय.”

कडूबाईंनी धम्मपालकडे निरखून पाहिले. “आन लेकाला कुणी सांगितलं?”

“गणितानं,” धम्मपाल फटकन म्हणाला.

“बघू की मग,” कडूबाई म्हणाल्या. “मी येते. न्हाई दिसलं तर ही काठी हाय.”

साडेसहाला माळावर जी माणसे जमली ती अर्ध्या गावाहून कमी होती. वस्तीतली बहुतेक सारी होती. वरच्या आळीतली काही. कापूस वेचून परतलेल्या बाया डोक्यावरची गाठोडी खाली ठेवून उभ्या होत्या. कडूबाईंसाठी शाळेतली खुर्ची आणली होती. खाली पारासमोर महारुद्रचे हॅलोजन पेटले होते, गाणी लागली होती, आणि उरलेले गाव त्या उजेडात, डोक्यावर ताणलेल्या रंगीत मंडपाखाली सातची वाट पाहत बसले होते. आकाश पाहायला बोलावलेल्या माणसांच्या डोक्यावर छत! धम्मपालला इतका संताप आला की त्याने त्या दिशेकडे पाठ केली.

सहा बावन्न झाले. काहीच नव्हते. त्याने वायव्येकडे डोळे ताणून पाहिले. कोणीतरी खोकले.

मग शेवग्याच्या झाडाच्या डावीकडे, धुरकट पट्ट्याच्या वर, एक ठिपका सरकला. लुकलुकला नाही, आवाज केला नाही. वर चढत गेला आणि चढता चढता तेजस्वी होत गेला, इतका की माळावरची कुजबुज आपोआप थांबली. एका कडेने आलेली माणसे आणि दुसऱ्या कडेने आलेली माणसे, सगळ्यांच्या माना एकाच गतीने वळत होत्या.

“त्यात माणसं हायत म्हणतोस?” सटवाजींनी हळूच विचारले. त्यांना तो ठिपका दिसत होता; ते त्यांनी सांगितले नाही, पण त्यांचे बोट त्याच्याबरोबर अचूक फिरत होते.

“सात आहेत, दादा.”

यान माथ्यावरून गेले, आग्नेयेकडे उतरू लागले, आणि आभाळ मोकळे असतानाही एकदम फिकटले, तांबूस झाले, विझले. धम्मपालने घड्याळ पाहिले. सहा छप्पन्न. त्याने पहिल्यांदाच श्वास नीट घेतला; आणि त्याच श्वासाला खालून लाउडस्पीकर गरजला, “थोड्याच वेळात यानाचं आगमन होत आहे! तोपर्यंत सत्काराचा कार्यक्रम सुरू करू या!”

धम्मपाल माळ उतरू लागला. काय बोलायचे ते त्याच्याकडे तीन दिवसांपासून तयार होते : परिच्छेद पाडलेले, मुद्द्यावर मुद्दा रचलेले. त्याच्यामागे सारा माळ उतरला, आणि सगळ्यांत पुढे, काठी आपटत, कडूबाई.

ते पारापाशी पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. गळ्यात हार, हातात माईक, अशा आबासाहेबांनी त्यांना पाहिले, आणि मंडपातल्या गर्दीकडे डोळा घालून ते मोठ्याने म्हणाले, “या मास्तर, या! कुठंय तुमचं यान? सात वाजून पंधरा मिनिटं झाली. दुसऱ्यांदा गावाला येड्यात काढलं का न्हाई?”

मंडपात हशा पिकला. धम्मपालने तोंड उघडले. पण त्याच्या आधी काठी पारावर आपटली, आणि हसणारे गप्प झाले. कारण आबासाहेबांना अरे-तुरे करणारे माणूस गावात एवढे एकच उरले होते.

“आबा, ते माईक खाली ठेव,” कडूबाई म्हणाल्या. “यान आलतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मास्तरचा टाइम बरोबर व्हता. तुझा चूक व्हता.”